संताचा घाम आणि बॅरनचे तसराळे

वर्षातून एकदाच, संत सेरेनिल्लेच्या उत्सवाच्या आदल्या सकाळी, मोंतेरूफोच्या कॅथीड्रलचा खजिना लोकांसाठी उघडत असे. आणि त्या सकाळी सिसिलीच्या त्या डोंगराळ गावात घरी थांबलेले माणूस शोधूनही सापडले नसते. अरुंद दालनात माणसांवर माणसे चढली होती. मुले बापांच्या खांद्यांवर, म्हाताऱ्या काठ्यांवर, लग्नाच्या मुली आयांच्या नजरेखाली. मेणबत्त्यांचा, घामाचा आणि लसणाचा वास एकमेकांत कालवला गेला होता. कपाटांपुढे गुडघे टेकले जात होते, काचांवर ओठांचे ठसे उमटत होते, आणि या सगळ्यावरून खजिन्याचे रखवालदार फादर प्रोकोपियो यांचा मधात घोळलेला आवाज तरंगत होता.

“ही पाहा, लेकरांनो, संत अगाबितोंची दाढ! हिचं नुसतं दर्शन घेतलं तरी दातदुखी पळते.”

“फादर, शेजारच्या गावातही त्यांच्याच दाढा आहेत म्हणे. मूठभर.” एक म्हातारी म्हणाली.

“श्रद्धेला दात मोजायचे नसतात, बाई.”

“मोजत नाही हो. मला आपलं वाटलं, संत उपाशी नसतील राहिले.”

पुढच्या कपाटात देवदूताच्या पंखातले पीस होते. त्या कपाटाशेजारी, दालनातल्या एकमेव खुर्चीवर, दोन्ना एर्सिलिया बसल्या होत्या. खजिन्याला तीन कुलुपे होती. एकाची किल्ली बिशपकडे, दुसऱ्याची महापौरांकडे, आणि तिसऱ्याची एर्सिलियांच्या सासरच्या घराण्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या. ती किल्ली त्यांच्या कमरेला होती, आणि ती फिरल्याशिवाय इथले पीसदेखील हलत नसे. वयाची पंचाहत्तरी उलटली तरी त्यांची पाठ खुर्चीला टेकत नसे.

“फादर,” त्या म्हणाल्या, “मी नवी नवरी होऊन इथे आले, तेव्हा हे पीस पांढरं होतं.”

“धूळ बसते, दोन्ना.”

“धुळीने हिरवं होतं होय? आणि मध्ये निळा डोळाही उमटतो?”

मागे कोणीतरी फसकन हसले. फादरांनी हसणाऱ्याकडे पाहिले नाही. असल्या प्रसंगी कोणाकडे पाहू नये याचे त्यांना उत्तम शिक्षण होते. त्यांनी एकदम आवाज खाली आणला, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि मधल्या कपाटाकडे वळले. गर्दी श्वास रोखून पुढे सरकली.

“आणि हा आपल्या आईचा उजवा हात.”

कोपरापासून बोटांपर्यंतचा तो चांदीचा हात होता. आत शिसे ओतलेले, त्यामुळे उचलायला दोन माणसे लागत. मनगटापाशी स्फटिकाची छोटी खिडकी, आणि तिच्यामागे हाडाचा तपकिरी तुकडा.

“याच हाताने आई सेरेनिल्लेने आंधळ्यांचे डोळे पुसले. याच हाताला उद्या सकाळी, तुमच्या डोळ्यांदेखत, घाम फुटेल! का फुटतो घाम? तुमच्यासाठी राबून! तुम्ही जेवता, ती राबते. तुम्ही घोरता, ती राबते. तुम्ही पत्ते कुटता, ती राबते!”

“मग फादर, रविवारी तरी तिला सुट्टी द्या,” गुत्तेवाला गास्पारे मागून म्हणाला, आणि बायकोने त्याच्या बरगडीत कोपर मारले.

एर्सिलिया त्या हाताकडे पाहत होत्या. तो त्यांनी कितीदा पाहिला होता! त्यांच्या तरुणपणी तो कपाटातून निघून थेट वेदीवर जाई, लोक त्याचे चुंबन घेत, आणि तो कपाटात परत येई. त्याला कधी घाम फुटला नव्हता. फादर प्रोकोपियो गावात आले, त्यांना म्हणे कुठल्याशा जुन्या पोथीत सापडले की पूर्वी उत्सवाच्या आदल्या रात्री संताला खालच्या तळघरात निजवत असत. आणि ती प्रथा पुन्हा सुरू झाली त्याच वर्षापासून संताला घाम येऊ लागला. एर्सिलियांनी तेव्हाच विचारले होते, “इतकी वर्षं हिला घाम का नाही आला, फादर?”

“इतकी वर्षं गावाची श्रद्धा थंड होती, दोन्ना.”

त्या घामाला कापूस लावायचा, तो कापूस दुखऱ्या डोळ्यांवर ठेवायचा, आणि डोळे बरे होतात असे सांगायचे. किती बरे झाले हे विचारायची गावात पद्धत नव्हती. एका चांभाराचा डोळा त्या कापसाने सुजून बंद झाला, तेव्हा त्याने काही पाप लपवले असणार असे ठरले. आणि तो बिचारा कोणते पाप ते शोधत बसला.

आज मात्र एर्सिलियांना हे सगळे नेहमीसारखे हसण्यावारी नेता येत नव्हते. त्यांच्या खुर्चीचा हात धरून त्यांची नात ओर्तेन्सिया उभी होती, उजव्या डोळ्यावर रुमाल धरून. चार दिवसांपूर्वी त्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी सावली आली होती, आणि ती रोज थोडी आत सरकत होती.

फादरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “उद्याचा पहिला कापूस तुझा, पोरी. मग नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत प्रार्थना. आणि लक्षात ठेव, डॉक्टर नाही, सुरी नाही. दुसऱ्याचा हात लागलेलं काम संत पुन्हा हातात घेत नाहीत.”

“म्हणजे तुमची संत शिंपीण आहे म्हणायची,” एर्सिलिया म्हणाल्या.

ओर्तेन्सिया हसली नाही. तिने काचेवर ओठ टेकले.

* * *

दुपारी जेवणाला डॉक्टर साव्हेरियो आले होते. ते गावातच वाढलेले, पालेर्मोला शिकलेले, आणि एर्सिलियांच्या टेबलावर मोकळेपणाने बोलू शकणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक होते. त्यांनी पावाला हातही लावला नव्हता.

“हे बघ, ओर्तेन्सिया. भिंतीवर कागद चिकटवलेला असतो ना? ओल शिरली की तो कडेने सुटायला लागतो. तुझ्या डोळ्यातला पडदा तसा सुटतोय. आज कडेला आहे, शिवून बसवता येईल. मधोमध सुटला, की मग साक्षात बिशपनी येऊन थुंकी लावून चिकटवला तरी चिकटायचा नाही.”

“किती वेळ आहे?” एर्सिलियांनी विचारले.

“आज निघालात तर उत्तम. उद्या निघालात तर बरं. पालेर्मोच्या सर्जनना मी तार केलीय, ते तयार आहेत. पण नऊ दिवस? नऊ दिवसांनी मला बोलवू नका. मी रडायला येईन फक्त.”

ओर्तेन्सिया ताटातल्या ऑलिव्हच्या बिया एका ओळीत लावत होती. “आईच्या वेळीही डॉक्टर असंच बोलले होते. ‘तासाभराचं काम. संध्याकाळी सूप पिईल.’”

ओर्तेन्सियाची आई म्हणजे एर्सिलियांची एकुलती एक मुलगी. ती पालेर्मोच्याच इस्पितळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली, त्याला बारा वर्षे झाली होती. या घरात त्याविषयी कोणी बोलत नसे, कारण एर्सिलिया बोलत नसत.

“ते पोटाचं दुखणं होतं, आणि ते उशिरा कळलं होतं,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

“सुरी तीच ना?” ओर्तेन्सिया म्हणाली. “संत सुरी लावत नाही. घाम मी स्वतः पाहिलाय, डॉक्टर. माझ्या डोळ्यांनी, दोन्ही चांगले होते तेव्हा. तुम्ही तुमच्या सर्जनचा चमत्कार मला दाखवलात का कधी?”

एर्सिलियांनी आयुष्यभर हुकूम दिले होते. त्यांच्या शब्दावर द्राक्षांची तोडणी सुरू होई आणि थांबे. मुलीला दोन नोकरांकरवी मोटारीत घालणे त्यांना अवघड नव्हते. पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते की शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, मान न हलवता पडून राहावे लागते. मनाविरुद्ध नेलेली मुलगी तशी पडून राहणार नाही. आणि तिने एकदा उसळून मान फिरवली की सगळे व्यर्थ. इथे हुकूम चालणार नव्हता. तिला पटायला हवे होते.

मोलकरीण नून्झियाने लिंबाच्या सरबताचा चांदीचा चंबू टेबलावर आणून ठेवला. आत बर्फ होता, डोंगरावरून फेब्रुवारीत खेचरांवर लादून आणलेला आणि कॅथीड्रलखालच्या तळघरात पेंढ्यात दाबून ठेवलेला. उत्सवाच्या दिवसांत त्यातला थोडा प्रत्येक घराला मिळे.

“मेला हा चंबू! आत्ता पुसला, लगेच ओला,” नून्झिया पुटपुटली आणि चंबूचे पोट कमरेला खोचलेल्या फडक्याने पुन्हा पुसले. “किती पुसायचं माणसाने?”

एर्सिलियांचा हात पेल्याकडे निघाला होता तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी चंबूकडे पाहिले. कोरडी चांदी. मग तिच्यावर धुरकटपणा चढला. मग बारीक थेंब. मग एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि ओघळून टेबलक्लॉथवर उतरला.

“साव्हेरियो,” त्या सावकाश म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी उत्सवाला संताला घाम आला नाही. आठवतं?”

“आठवतं तर! फादर म्हणाले, गावाने निवडणुकीत लाल झेंड्याला मतं दिली म्हणून संत रुसली. माझ्याकडे बघून म्हणाले.”

“त्याआधीच्या हिवाळ्यात बर्फ पडला होता का?”

डॉक्टरांनी आठवायला क्षणभर घेतला. मग त्यांनी चंबूकडे पाहिले, मग एर्सिलियांकडे, आणि ते खुर्चीतच इतके हसू लागले की त्यांना ठसका लागला.

“यात हसण्यासारखं काही नाही,” एर्सिलिया कडाडल्या. “मी स्वतः किल्ली फिरवून त्या हाताला दर वर्षी खाली निजवत आलेय, आणि हे मला आज सुचतंय. सगळं गाव मूर्ख, आणि गावाच्या पुढच्या खुर्चीवर मी!” मग त्या नातीकडे वळल्या. “ओर्तेन्सिया, सरळ उत्तर दे. संताशिवाय तोच घाम उद्या तुला दाखवला, सगळ्या गावासमोर, तर दुपारच्या मोटारीने पालेर्मोला येशील?”

“संताशिवाय घाम?”

“संताशिवाय.”

“आणि नाही दाखवलास तर नऊ दिवस कोणी माझ्या खोलीत येणार नाही. डॉक्टरही नाही आणि तूही नाहीस.”

एर्सिलियांना त्या नऊ दिवसांची किंमत ठाऊक होती. “कबूल,” त्या म्हणाल्या.

* * *

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर संताला निजवण्याचा सोहळा झाला. तळघराच्या दारात तिन्ही किल्ल्या फिरल्या. प्रथेप्रमाणे गावकरी आपापल्या वस्तू संताच्या उशाशी ठेवायला देत: नवऱ्या मुलींचे जाळीचे घुंगट, बाळांची झबली, आजाऱ्यांचे रुमाल. सकाळी त्या वस्तू गार आणि ओलसर होऊन परत मिळत, आणि हा ओलावा म्हणजे आशीर्वाद असे गाव मानत असे. बर्फाच्या कोठारात रात्रभर ठेवलेले कापड ओलसर न होता दुसरे काय होणार, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता; त्याच कोठारातल्या बर्फाचे सरबत पीत पीत लोक त्या घुंगटांचे चुंबन घेत.

फादर प्रोकोपियो स्वतः बाह्या सरसावून हाताभोवती बर्फ दाबत होते. कोपरापासून नखापर्यंत, मन लावून, एखादी सुगरण लोणचे दाबून भरते तसे.

“इतका बर्फ कशाला, फादर?” एर्सिलियांनी विचारले.

“उन्हाळा आहे, दोन्ना. आईलाही गारवा नको का?”

“हवा ना. मग माझ्या सासऱ्यांनाही थोडा द्या.” त्यांनी नून्झियाच्या हातातले गाठोडे उघडले. आतून चांदीचे जाडजूड तसराळे निघाले, हजामतीचे; मान टेकवायला एका कडेला चंद्रकोरीसारखी खाच असलेले.

फादर बिचकले. “हे बॅरन रुज्जेरोंचं?”

“त्यांचंच. त्यांची आठवण म्हणून संताच्या उशाशी ठेवावंसं वाटलं. आमच्या घराण्याचा तेवढा हक्क आहे ना?”

बॅरन रुज्जेरो जाऊन चाळीस वर्षे झाली होती, पण त्यांच्या प्रेमप्रकरणांची गाणी द्राक्षतोडणीच्या वेळी बायका अजून म्हणत, आणि पुरुष आले की गप्प होत. तिसरी किल्ली दुखावणे मात्र फादरांना परवडणारे नव्हते. त्यांनी खोकला काढला आणि तसराळे संताच्या शेजारी सरकवले.

“नीट दाबा बर्फ,” एर्सिलिया म्हणाल्या. “उष्ण प्रकृतीचे होते ते.”

* * *

उत्सवाच्या सकाळी दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. कॅथीड्रलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. शेकडो माणसांच्या श्वासांनी हवा कढीसारखी दाट झाली होती. लाल मखमलीत गुंडाळलेला हात दोघांनी वर आणला, वेदीवर ठेवला, आणि स्तोत्राच्या शेवटच्या कडव्याला फादरांनी मखमल ओढून काढली. त्या वेळेचा त्यांचा अंदाज कधी चुकत नसे.

क्षणभर चांदी लखलखली. मग तिच्यावर धुके चढले. मग मनगटावर, बोटांवर, स्फटिकाच्या खिडकीवर बारीक मोती उमटले, एकमेकांत मिसळले आणि ओघळू लागले.

“घाम! घाम आला!”

“आई सेरेनिल्ला! माझ्या पोराकडे बघ!”

“रडतेय गं, घामच नाही, रडतेय!”

बायका ओक्साबोक्शी रडू लागल्या. पुरुषांच्या टोप्या छातीवर गेल्या. फादरांनी दोन्ही हात वर केले. “पाहा! अविश्वासू लोकहो, पाहा! शास्त्रज्ञ म्हणतात आम्ही चंद्रावर जाऊ. जा बाबांनो! पण चांदीला घाम फोडून दाखवा!” मग त्यांनी चिमट्यात कापूस धरला, तो मनगटावरून फिरवला आणि हाक दिली. “ओर्तेन्सिया! ये, पोरी.”

ओर्तेन्सिया पुढे झाली. तिच्यामागून, काठी न टेकता, एर्सिलिया वेदीच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्या हातात लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळलेले गाठोडे होते.

“थांबा, फादर. तुमचं आव्हान मी घेते.”

“दोन्ना, ही वेळ नव्हे...”

“हीच वेळ आहे.” त्यांनी कांबळे सोडले आणि बॅरनचे तसराळे सगळ्यांना दिसेल असे उंच धरले. “ओर्तेन्सिया, तुझ्या रुमालाने पूस. नीट पूस. कोरडं झालं?”

“झालं.”

“आता बघत राहा.”

गर्दी बघत राहिली. चांदीवर धुके चढले. थेंब उमटले. मग हजामतीच्या त्या खाचेतून एक लठ्ठ थेंब सुटला आणि पायरीवर टपकला. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला, “अरे बापरे! बॅरन रुज्जेरो संत झाले!”

“आणि मग त्या सगळ्या बायका कोण झाल्या?” कोणीतरी म्हणाले. हास्याची एक लाट उठली आणि अर्ध्यात दबली, कारण फादर प्रोकोपियो यांनी तिच्यावर झडप घातली होती. ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“चमत्कारावर चमत्कार!” ते गरजले. “पापी माणसाचं भांडं एक रात्र आईच्या शेजारी राहिलं, आणि त्यालाही पुण्य लागलं! हसता काय? रडा! आईच्या सहवासात भांडी तरतात, मग माणसं का तरणार नाहीत?”

लोक पुन्हा गुडघ्यांवर गेले. कोणी तसराळ्याचे चुंबन घ्यायला पुढे सरकले. ओर्तेन्सियाने आजीकडे पाहिले, आणि तिचा डोळा कापसाकडे वळला.

“फादर, तुम्ही हेच म्हणणार हे मला ठाऊक होतं,” एर्सिलिया शांतपणे म्हणाल्या. “माणूस तुमच्याइतका हुशार असला की त्याची पळवाट आधी बुजवून ठेवावी लागते. गास्पारे!”

गर्दी दुभंगली. गास्पारे आणि डॉक्टर साव्हेरियो पोत्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. पोते सुटले. आत गुत्त्यातली पत्र्याची बादली होती, झाकण घट्ट लावलेली.

“ही बादली आयुष्यात देवळाची पायरी चढलेली नाही,” गास्पारे म्हणाला. “मीही फारसा चढलेलो नाही. आत बर्फ आहे, माझ्या स्वतःच्या खड्ड्यातला, गुत्त्याच्या मागच्या टेकडीवरचा. संत तिकडे कधी आलेली नाही. आली असती तर मी फुकट पाजली असती.”

“पुसा,” एर्सिलिया म्हणाल्या.

डॉक्टरांनी बादली बाहेरून कोरडी पुसली. सगळे पाहत असताना पत्रा धुरकटला, आणि थेंब उमटले. संताच्या घामापेक्षा जाड, बॅरनच्या घामापेक्षा जोमदार. बादलीच्या बुडाशी तळे साचू लागले. यावेळी कोणी गुडघे टेकले नाहीत. एक छोटी मुलगी आईला म्हणाली, “आई, आपल्या चंबूला पण घाम येतो, सरबताच्या,” आणि आईने तिचे तोंड दाबण्यासाठी उचललेला हात तसाच थांबला.

एर्सिलियांनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची कधी गरज पडली नव्हती.

“पोरीला गप्प करू नका, तिला कळलंय. तुम्हां सगळ्यांच्या श्वासात पाणी आहे. आजच्या या वाऱ्यात पाणी आहे. गार वस्तूला ते पाणी येऊन चिकटतं. घाम चांदीच्या आतून येत नाही, बाहेरून बसतो. तुमच्याच तोंडातली वाफ संताच्या हातावर बसते, आणि तीच पुसून तुम्ही डोळ्यांत घालता. दोन वर्षांपूर्वी घाम आला नाही, तेव्हा फादर म्हणाले, तुम्ही चुकीची मतं दिलीत. अरे, त्या वर्षी डोंगरावर बर्फच पडला नव्हता! तळघर रिकामं होतं, आणि बोलणी तुम्ही खाल्लीत.”

गर्दीत कुजबुज उठली. महापौर, जे त्या लाल झेंड्याचेच होते, एकाएकी ताठ उभे राहिले.

“हे पाखंड आहे!” फादरांचा आवाज फाटला. “देवाच्या घरात...”

“तर मग देवाच्याच घरात ठरवू या. आज रात्री हात बर्फात नको. तुमच्या खोलीत ठेवा, तुमच्या गादीवर, तिन्ही किल्ल्या लावून. उद्या सकाळी सगळे पुन्हा जमू. घाम आला तर मी या पायऱ्या गुडघ्यांवर चढेन.”

फादरांनी ओठ ओले केले. “संतांची परीक्षा घ्यायची नसते.”

“संतांची कोण घेतंय? ती तुमची चालली आहे.”

फादरांनी पैज घेतली नाही. ते एक पाऊल मागे सरले, आणि त्या पावलाचा अर्थ मागच्या बाकापर्यंत पोहोचला. हवेतल्या वाफेचे गणित ज्यांच्या डोक्यावरून गेले होते, त्यांनाही तो कळला.

ओर्तेन्सिया अजून वेदीपाशीच होती. चिमट्यातला कापूस तिच्यासमोर धरलेला होता. तिने तो घेतला नाही. तिने आपला तळवा चांदीच्या मनगटावर ठेवला आणि ठेवूनच राहिली. कोणी तिला हटकले नाही. बऱ्याच वेळाने तिने तो उचलला. तळव्याखालची चांदी कोमट झाली होती. तिने ती रुमालाने टिपली, आणि ती जागा कोरडीच राहिली, भोवती सगळीकडे थेंब असताना.

“गार होता नुसता,” ती म्हणाली. मग फादरांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. “फादर, नऊ दिवस मला अंधारात बसवणार होतात. तुम्हाला हे ठाऊक होतं?”

फादर प्रोकोपियो यांनी कापूस खिशात घातला आणि बाजूच्या दाराने निघून गेले.

“डॉक्टर, मोटार किती वाजता?” ओर्तेन्सियाने विचारले. मग आजीच्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, “मला अजून तितकीच भीती वाटतेय.”

“वाटणारच,” एर्सिलिया म्हणाल्या. “मला तर तुझ्याहून जास्त वाटतेय. तुझ्या आईला मी सोडायला गेले नव्हते. तुझ्याबरोबर येतेय.”

* * *

पालेर्मोच्या इस्पितळात ओर्तेन्सिया डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, दोन्ही डोळे बांधून, मान न हलवता पडून राहिली. एर्सिलिया शेजारच्या लाकडी खुर्चीवर पाठ न टेकता बसत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत; सर्जन फेरीला आले तरी उठत नसत. पट्टी सुटली त्या सकाळी सर्जननी मुलीचा चांगला डोळा झाकला आणि विचारले, “काय दिसतं?”

ओर्तेन्सियाने पापणी दोनदा मिटली आणि उघडली.

“धूसर आहे,” ती म्हणाली. “पण काळं नाही. खिडकी आहे. आणि आजी. आजी रडतेय.”

“काहीतरीच,” एर्सिलिया म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

त्या परतल्या तेव्हा गावातल्या काही बायका भेटायला आल्या. फादर प्रोकोपियो यांची बदली झाली होती, हात कपाटात होता, आणि बायकांचे चेहरे काहीतरी हिरावून घेतल्यासारखे झाले होते. त्यांतली एक धीटपणे म्हणाली, “दोन्ना, तुमची नात मोटारीने पालेर्मोला गेली. आमच्याकडे मोटार नाही. आम्हाला तो कापूसच होता.”

हा प्रश्न रास्त होता, आणि तो टाळण्याइतक्या एर्सिलिया भेकड नव्हत्या. त्यांनी त्याच आठवड्यात घराच्या तळमजल्यावरची दोन दालने रिकामी केली, आणि पालेर्मोच्या एका नेत्रवैद्यांना दर पंधरवड्याला तिथे यायला भाग पाडले. त्यांना नाही म्हणणे सोपे नव्हते. पहिल्याच दिवशी दारात रांग लागली. तो सुजलेल्या डोळ्याचा चांभारही आला, पाप न शोधता.

एर्सिलिया दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, “संताला नमस्कार करायचा असेल तर करा, माझी ना नाही. पण जो माणूस तुम्हाला म्हणेल की विचारू नका, हात लावू नका, डॉक्टरकडे जाऊ नका, तो कितीही गोड बोलला आणि कोणतेही कपडे घालून आला, तरी तो तुम्हाला लुबाडतोय. आश्चर्य दिसलं की आधी विचारा, हे कशाने होतं? दुसरीकडेही होतं का? काल का नाही झालं? तुमच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, लाजू नका. आता एकेक करून आत या. ढकलाढकली केली तर घरी पाठवीन.”